चेनसॉच्या स्टार्टरची दोरी परत आत जात नाही: स्प्रिंगला फेरे दोन की सहा?

सुपारीबाग
यंत्र: ५८ सीसी, २२ इंची बार, बाजारात सगळीकडे मिळतो तो चिनी बनावटीचा चेनसॉ. स्टार्टरची दोरी मुठीजवळ तुटली होती. ३.५ मिमी जाडीची नायलॉन दोरी, १ मीटर १० सेंमी लांब, नवीन टाकली. आता अडचण अशी:

पहिल्या जोडणीत स्प्रिंगला २ फेरे दिले. दोरी जेमतेम एक तृतीयांश आत गेली, बाकीची बाहेर लोंबत राहिली.

दुसऱ्या जोडणीत ६ फेरे दिले. मूठ कव्हरला घट्ट बसते, पण दोरी ३५ सेंमी बाहेर आली की दगडासारखी अडते.

एका व्हिडिओत २ फेरे सांगितलेत, दुसऱ्यात ६. दोघांची यंत्रं व्यवस्थित चालताना दिसतात. मग नेमकं खरं काय? आणि ३, ४, ५ असे अंदाजाने फेरे देत बसण्यापेक्षा हिशोबाने काढता येतं का?

खटपट्या
४ द्या, विषय संपवा :)

पाना_पक्कड
४ देऊन विषय संपणार नाही, कारण प्रश्न फेऱ्यांचा नाहीच. फेरे देताना दोरी कुठे होती, हा प्रश्न आहे.

ताई, तुमच्या दोन्ही आकड्यांवरून एवढं दिसतं: २ फेरे दिलेत तेव्हा दोरी सगळी पुलीच्या (ज्या चाकावर दोरी गुंडाळते त्याच्या) बाहेर मोकळी होती. ६ दिलेत तेव्हा ती आधीच पुलीवर गुंडाळलेली होती. बरोबर?

सुपारीबाग
हो, अगदी तसंच. दुसऱ्या वेळी आधी गुंडाळून मग फिरवली.

पाना_पक्कड
म्हणजे दोन्ही व्हिडिओ बरोबर आणि तुम्ही दोन्हींची अदलाबदल केलीत. सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ फार जणांचा होतो.

स्प्रिंगचं काम दोन भागांत आहे. दोरीचे जितके वेढे पुलीवर बसतात तितके फेरे तिने पुली उलट फिरवायची. त्यावर आणखी एक-दोन फेरे ताण शिल्लक हवा, म्हणजे मूठ कव्हरला चिकटून राहते. या शिल्लक ताणाला आपण आगाऊ ताण म्हणू. हिशोब एवढाच:

आगाऊ ताण = तुम्ही दिलेले फेरे − त्या वेळी बाहेर असलेल्या दोरीचे वेढे

दोरी पूर्ण बाहेर ठेवून ६ फेरे दिले आणि दोरी साडेचार वेढ्यांची असेल, तर दोरी आत गेल्यावर दीड फेरा उरतो. स्टिल (Stihl) या चेनसॉ कंपनीच्या पुस्तिकांत हीच पद्धत आहे: मोकळ्या दोरीचा फास करून त्याने पुली सहा फेरे फिरवायची, मग पिळलेली दोरी सरळ करून हळू आत सोडायची. हुस्क्वार्ना या दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकांत उलट आहे. दोरी आधी पुलीवर घ्यायची, पुलीच्या काठावरच्या खाचेत अडकवायची आणि पुली साधारण दोन फेरे घड्याळाच्या दिशेने फिरवायची. तिथे दोन फेरे हा जवळपास निव्वळ आगाऊ ताण. म्हणजे ६ आणि २ ही एकाच गोष्टीची दोन मोजमापं झाली.

तुमच्या पहिल्या जोडणीत स्प्रिंगकडे दोनच फेरे होते, तिने दोन वेढे दोरी ओढली आणि हात टेकले. दुसऱ्या जोडणीत सहा फेरे आधीच खर्च झाले. स्प्रिंग एकूण साडेसात फेऱ्यांची असावी, म्हणून दीड फेऱ्यात ती गच्च झाली. दोरी अडते तिथे आणखी ओढू नका. तिथे दोरी तुटत नाही, स्प्रिंगचं टोक तुटतं.

दोन_स्ट्रोक
+१. आणि हेच मोजून बघता येतं. दोरी काढून टाका, फक्त स्प्रिंग आणि पुली कव्हरमध्ये ठेवा, मधला स्क्रू लावा. पुली आतल्या बाजूने बघत घड्याळाच्या दिशेने बोटाने हळू फिरवा आणि फेरे मोजा. कडक लागेल तिथे थांबा, जोर नको. मग तसेच मोजत मागे आणा. हात सुटला तर पुली भर्रकन फिरते आणि स्प्रिंगचं आतलं टोक उलटं उघडतं. पुलीवर मार्करने एक ठिपका काढला तर मोजायला सोपं.

दुसरं, पुलीचं माप द्या. खोबणीच्या तळाचा व्यास आणि बाहेरच्या काठाचा व्यास. व्हर्नियर नसेल तर साधी पट्टी चालेल.

सुपारीबाग
फेरे मोजले: साडेसात. खोबणीचा तळ ४५ मिमी, काठ ८० मिमी. खोबणीत दोरीच्या शेजारी दुसरी दोरी मावत नाही, वेढे एकावर एक येतात.

दोन_स्ट्रोक
मस्त, मग कागदावरच काढू. ३.५ मिमी दोरीचा पहिला वेढा तळावर बसतो. त्याचा व्यास दोरीच्या मध्यापासून धरायचा, म्हणजे ४८.५ मिमी. पुढच्या प्रत्येक वेढ्याचा व्यास ७ मिमीने मोठा. व्यासाला ३.१४ ने गुणलं की वेढ्याची लांबी:

१ला वेढा: १५.२ सेंमी
२रा: १७.४
३रा: १९.६
४था: २१.८
५वा: २४.०

पाच वेढे मिळून ९८ सेंमी. पण पाचवा वेढा नेमका ८० मिमीवर, म्हणजे काठाला टेकतो. हे बरं नाही. दोरी ढिली पडली की वरचा वेढा काठावरून घसरून पुली आणि कव्हर यांच्यामध्ये जातो, आणि मग दोरी ना आत ना बाहेर. काठाच्या आत निदान २ मिमी जागा मोकळी राहायला हवी.

म्हणून साडेचार वेढे धरा: ८६ सेंमी. त्यात बुशमधून (कव्हरच्या ज्या भोकातून दोरी बाहेर येते तिथलं कडं) मुठीपर्यंतचे सुमारे ६ सेंमी आणि दोन्ही गाठींचे ८ सेंमी मिळवा. झाली १ मीटर. तुमची १० सेंमी जास्त आहे, कापा.

साडेसातातून साडेचार गेले, उरले ३. आगाऊ ताण २ फेरे द्या. दोरी पूर्ण बाहेर असताना स्प्रिंगला १ फेरा शिल्लक राहील.

घाटमाथा
शेवटची ती शिल्लक तपासणं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच लोक सोडून देतात. जोडून झालं की दोरी पूर्ण ओढा, तशीच धरून ठेवा, आणि अंगठ्याने पुली आणखी पुढे फिरवून बघा. निदान अर्धा फेरा फिरली पाहिजे. हुस्क्वार्नाच्या पुस्तिकेत किमान अर्धा सांगतात, स्टिलच्या काही पुस्तिकांत दीड. अजिबात फिरत नसेल तर एक फेरा कमी करा. कारण मग प्रत्येक जोरदार ओढीला स्प्रिंग तिच्या टोकापर्यंत ताणली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत आतला आकडा तुटतो.

उलट बाजूची तपासणी: यंत्र जसं हातात धरतो तसं धरा. मूठ एका बाजूला मान टाकत असेल तर एक फेरा वाढवा.

खटपट्या
४ मिमीची दोरी टाकली तर जास्त टिकणार नाही का? दुकानदार तीच देतो नेहमी.

दोन_स्ट्रोक
याच पुलीवर हिशोब करा. ४ मिमीचे चार वेढे म्हणजे ७७ सेंमी आणि व्यास ७७ मिमी झाला. पाचवा वेढा बसवायचा तर ८५ मिमी लागतील, काठ ८० चा. म्हणजे दोरी आखूड करावी लागेल आणि ओढ अपुरी पडेल. शिवाय जाड दोरी ४५ मिमीच्या तळाभोवती नीट वळत नाही, गाठीजवळच मोडते. साधारण अंदाज: ४५ सीसीपर्यंतच्या लहान यंत्रांना ३ मिमी, त्याच्या वर ६० सीसीपर्यंत ३.५, सत्तरच्या पुढच्या मोठ्या यंत्रांना ४ किंवा ४.५. पण जुनी दोरी हातात असेल तर तिचंच माप घ्या. तेही वापरून चपट्या झालेल्या भागाचं नको. पुलीच्या गाठीजवळचा भाग मूळ जाडीचा असतो.

पाना_पक्कड
जाडीपेक्षा जातीकडे बघा. हार्डवेअरच्या दुकानात रंगीत, चकचकीत, हाताला खरखरीत लागणारी दोरी मिळते ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीन. ती साधारण १६० अंशांना वितळते. पुलीवर आणि बुशमध्ये घासून, वर इंजिनची धग लागून तिचं अंग झडतं आणि वेढे एकमेकांना चिकटतात. नायलॉन २२० च्या पुढे वितळतं, पॉलिएस्टर २५० च्या आसपास. ओळखायची सोपी खूण: तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. नायलॉन-पॉलिएस्टर बुडतं, फक्त आधी पाण्यात चेपून आतली हवा काढा.

आणि विणलेलीच घ्या. तीन पदरांची पीळ दिलेली दोरी इथे चालत नाही. पुलीवर फिरताना तिचा पीळ सुटतो आणि गुठळ्या होतात.

टोक लायटरने वितळवा, पण बोंड होऊ देऊ नका. गरम असतानाच ओल्या फडक्यात धरून फिरवा म्हणजे टोक सुईसारखं होतं, बुशमधून सहज जातं.

देवराईवाला
वाचनखूण साठवली. पण सुरुवातीपासूनची क्रमवार कृती कुणी लिहाल का? नवा माणूस कव्हर उघडायलाच घाबरतो. स्प्रिंग उडून डोळ्यात जाते म्हणतात.

पाना_पक्कड
घाबरावं, पण योग्य जागी. लिहितो.

आधी स्विच बंद आणि प्लगची टोपी काढून बाजूला. मग चेनसॉ डाव्या कुशीवर नाही, उजव्या कुशीवर ठेवा, म्हणजे स्टार्टर वर येईल. पेट्रोल आणि चेन ऑइलची झाकणं घट्ट आहेत ना बघा. कव्हरचे चार स्क्रू असतात. चिनी ५२-५८ सीसीला बहुतेक ४ मिमीची ॲलन की लागते, स्टिलला टी-२७ टॉर्क्स. स्क्रूच्या डोक्यातला भुसा आधी पिनेने खरवडून काढा. भुशावर की बसवून जोर लावला की डोकं गोल होतं.

कव्हर निघालं की दोरी शाबूत आहे की तुटलेली ते बघा. शाबूत असेल तर स्प्रिंग ताणलेली आहे. दोरी ३० सेंमी ओढा, पुली अंगठ्याने दाबून धरा, पुलीच्या खाचेतून दोरीचा फास वर काढा, आणि पुलीला अंगठ्याखालून हळूहळू मागे फिरू द्या. सगळे फेरे उतरेपर्यंत. दोरी तुटलेली असेल तर हे आपोआप झालेलं असतं.

पण एक लक्षात ठेवा: फेरे उतरले म्हणजे स्प्रिंग सैल झाली असं नाही. दीड-दोन मीटरची पोलादी पट्टी तळहाताएवढ्या डबीत कोंबलेली असते. पुली उचलताना ती पुलीला चिकटून वर आली तर सापासारखी बाहेर येते. म्हणून गॉगल घाला, जाड हातमोजे घाला. मधला स्क्रू (किंवा स्टिलसारखी तारेची क्लिप) काढल्यावर पुली सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे थोडी डोलवत उचला. कडेतून पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग खाली दाबून धरली तर उत्तम. काही कव्हरांत स्प्रिंग प्लास्टिकच्या बंद डबीत असते. तिथे ही धास्ती नाही, डबी अखंड बदलायची.

दोरी ओवताना पुलीच्या टोकाला साधी एकच गाठ, घट्ट ओढलेली. ती पुलीतल्या खळग्यात पूर्ण बुडाली पाहिजे. वर राहिली तर फ्लायव्हीलला (पुलीसमोरच्या इंजिनच्या जड चाकाला) घासते आणि दोन दिवसांत दोरी निसटते. मुठीच्या टोकाला आठाची (इंग्रजी 8 सारखी दिसणारी) गाठ. साधी गाठ तिथे मुठीतून आरपार ओढली जाते.

स्प्रिंगचा आतला आकडा पुलीच्या दांडीत बसला की नाही हे न पाहता कळतं. पुली खाली दाबत घड्याळाच्या दिशेने किंचित फिरवा. आकडा बसला असेल तर लगेच रबरासारखा ताण लागतो. पुली मोकळी फिरत असेल तर नाही बसला, उचला आणि परत. स्क्रू त्यानंतरच.

दोरी पुलीवर कुठल्या बाजूने गुंडाळायची यातही घोळ होतो. कव्हर उलटं, आतली बाजू तुमच्याकडे. दोरी ओढल्यावर पुली घड्याळाच्या दिशेने फिरली पाहिजे. म्हणजे पुली स्थिर धरून हाताने गुंडाळत असाल तर दोरीही घड्याळाच्याच दिशेने फिरवायची. उलटी गुंडाळली तर पहिल्या ओढीला स्प्रिंग उलट उघडते.

घाटमाथा
हा दिशेचा नियम चेनसॉपुरता. ब्रशकटर, पंप, पॉवर टिलरवर डोळे झाकून लावू नका. तिथे स्प्रिंगचा आकडा कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते बघून ठरवायचं. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, हे बजावून सांगतो.

कव्हर परत बसवताना अजून एक गोम. मूठ १०-१५ सेंमी बाहेर ओढून धरा, कव्हर जागेवर टेकवा, मग दोरी हळू सोडा. पुली फिरता फिरता खटक्यांत (पुलीला फ्लायव्हीलशी जोडणाऱ्या छोट्या दात्यांत) अडकते आणि कव्हर सपाट बसतं. तसं न करता स्क्रू आवळून कव्हर 'ओढून' बसवलं तर खटके पुलीच्या दातांवर चढलेले राहतात आणि प्लास्टिकची पुली तडकते. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आधी उलटा फिरवून 'टक्' आवाज आला की मग सुलटा, म्हणजे जुन्याच आट्यांत बसतो.

देवराईवाला
खटके म्हणजे तेच ना, ज्याला गॅरेजवाले कुत्रे म्हणतात? सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसे?

घाटमाथा
तेच. फक्त कुठे बसवलेत ते कंपनीप्रमाणे बदलतं. स्टिलमध्ये खटका पुलीवर असतो. पुली फिरली की तारेची क्लिप त्याला बाहेर ढकलते. हुस्क्वार्ना आणि बरेचसे चिनी चेनसॉ यांत खटके फ्लायव्हीलवर असतात, बारीक स्प्रिंगने आत दाबलेले. इंजिन चालू झालं की गतीमुळे ते बाहेर फेकले जातात आणि पुलीला सोडतात.

दोरी सरसर बाहेर येते, आत जाते, पण इंजिन फिरतच नाही, तर दोष खटक्यांचा. दोरी-स्प्रिंग उघडत बसू नका. दहातल्या आठ वेळा भुसा, चीक आणि सांडलेलं चेन ऑइल यांचा लगदा खटक्याखाली बसलेला असतो. पेट्रोलात बुडवलेल्या ब्रशने धुवा, वाळू द्या, बोटाने उघडझाप करून बघा. खटक्याच्या स्प्रिंगने त्याला चटकन परत आणलं पाहिजे. खटक्याचं टोक गोल झालं असेल तर बदला. कानशीने धार काढायच्या भानगडीत पडू नका, लांबी कमी होऊन पकड आणखी सुटते.

खटक्यांना ग्रीस लावू नका. तेलही नको.

खटपट्या
आणि मोठ्या स्प्रिंगला? ग्रीस की तेल?

दोन_स्ट्रोक
पातळ तेलाचे तीन-चार थेंब, शिवणयंत्राचं तेल चालतं. ग्रीस भुसा धरून ठेवतं आणि पावसाळ्यात त्याची पुटं होतात, पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग स्प्रिंग चांगली असूनही दोरी रडत-खडत आत जाते. जुनं ग्रीस असेल तर स्प्रिंग न काढता कव्हरसकट रॉकेल किंवा डिझेलमध्ये तासभर बुडवा, हवेने वाळवा, मग तेल. कोकणात चार महिने यंत्र पडून राहणार असेल तर जूनच्या आधी हे एकदा करावं. गंजलेली पट्टी तुटते ती नेहमी गंजाच्या खड्ड्यापासूनच.

सुपारीबाग
स्प्रिंग कव्हरमधून उडालीच, तर परत बसते का? की नवीनच?

पाना_पक्कड
बसते. बाहेरचा आकडा कव्हरच्या खाचेत अडकवा, आणि बाहेरून आत या क्रमाने एकेक वेढा अंगठ्याने दाबत घाला. एका हाताने दाबायचं, दुसऱ्या हाताने कव्हर फिरवायचं. मधून सुरुवात करून बाहेर जायचा प्रयत्न केला तर शेवटचा वेढा कधीच मावत नाही. हातमोज्यांशिवाय करू नका, पट्टीच्या कडा ब्लेडसारख्या असतात. नवीन स्प्रिंग तारेच्या कड्यात बांधून येते. ती कड्यासकट खोबणीवर धरून दाबायची, स्प्रिंग आत सरकते आणि कडं वर राहतं. कडं आधी सोडलं की संपलं.

आतलं टोक तुटलं असेल आणि सुटा भाग मिळायला आठवडा लागणार असेल तर तात्पुरता इलाज आहे. टोकाचा १५ मिमी भाग लाल होईपर्यंत तापवा, नोज प्लायरने जुन्यासारखा आकडा वळवा, हवेतच गार होऊ द्या. पाण्यात बुचकळू नका, कडक होऊन पहिल्याच ओढीला तुटेल. तापवताना बाकीच्या वेढ्यांवर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर त्यांचा कस जातो. पट्टी आखूड झाल्यामुळे एकूण फेरे थोडे बदलतात, म्हणून पुन्हा मोजा. पट्टी मधूनच तुटली असेल तर हा इलाज नाही. नवीन आणा.

देवराईवाला
काही यंत्रांची दोरी ओढताना आधी रबर ताणल्यासारखी वाटते आणि मग इंजिन एकदम फिरतं. तो दोष का?

दोन_स्ट्रोक
नाही, ते 'इझी स्टार्ट'. पुली आणि खटके धरणारी वाटी यांच्यामध्ये दुसरी एक स्प्रिंग असते. तुम्ही ओढता तेव्हा आधी ती भरते, आणि कॉम्प्रेशनच्या वर ताण गेला की इंजिनला झटका देते. ही स्प्रिंग तुटली तर दोरी बरीचशी पोकळ येते आणि शेवटी धाडकन अडते. जोडणीचा सगळा हिशोब वरचाच, फक्त दोन स्प्रिंगा एकमेकींच्या जागी जात नाहीत. जाड आणि आखूड ती झटक्याची, पातळ आणि लांब ती दोरी परत नेणारी. या यंत्रांना हिसका मारू नये, सलग ओढावं.

घाटमाथा
निदानाची एक वाट लिहून ठेवतो, कारण 'दोरी परत जात नाही' या एका तक्रारीमागे चार वेगळी कारणं असतात.

कव्हर काढून हातात धरा आणि दोरी ओढून सोडा. हातात नीट परत जाते पण यंत्रावर लावल्यावर जात नाही? मग पुली फ्लायव्हीलला घासते आहे किंवा खटके सुटत नाहीत. पुलीच्या गाठीचा खळगा आणि फ्लायव्हीलवर ताजे ओरखडे शोधा. यंत्र आपटलेलं असेल तर कव्हर वाकलेलंही असतं.

हातातही जात नसेल तर मधला स्क्रू अर्धा फेरा ढिला करून बघा. लगेच सुधारली तर वॉशर हरवलाय, स्क्रू पुलीला आवळतोय. फरक पडला नाही तर स्प्रिंग मळलेली किंवा ताण कमी.

सुरुवातीला जोरात जाते आणि शेवटच्या हातभर अंतरात मरते: आगाऊ ताण कमी. सुरुवातीपासूनच कण्हत जाते: घाण किंवा घर्षण. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घाणीवर उपाय म्हणून फेरे वाढवत गेलात तर स्प्रिंग तोडाल.

आणि दोरी ओढायलाच जड, हाताला झटका देऊन मागे खेचते, तर स्टार्टरला दोष देऊ नका. प्लग काढा आणि ओढा. हलकी झाली आणि प्लगच्या भोकातून पेट्रोल उडालं तर इंजिन पेट्रोलने भरलं होतं. प्लग काढूनही जड असेल तर पिस्टन जाम होतोय. मूठ हातातून हिसकावून घेत असेल तर फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील दांड्यावर जागच्या जागी धरणारी छोटी पाचर) कापली गेली असण्याची शक्यता मोठी, कारण ठिणगी वेळेआधी पडते. त्यासाठी फ्लायव्हील काढूनच बघावं लागतं.

पाना_पक्कड
फ्लायव्हील उघडं आहे तोवर त्याचे पंख आणि सिलिंडरच्या पाकळ्यांमधला भुसा ब्रशने काढून घ्या. कव्हरची जाळीसुद्धा. इंजिन थंड ठेवणारी हवा तिथूनच आत जाते. इग्निशन कॉइलचे स्क्रू मात्र उगाच हलवू नका. हललेच तर फ्लायव्हीलच्या चुंबकाचा भाग कॉइलसमोर आणा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड ठेवा (०.३ मिमीच्या आसपास), कॉइल चिकटू द्या, स्क्रू आवळा, कार्ड ओढून काढा.

सुपारीबाग
अद्ययावत माहिती. दोरी कापून १ मीटर केली. बुश आणि गाठींची लांबी सोडून पुलीवर साडेचार वेढे बसले, काठाच्या आत साडेतीन मिमी जागा. दोरी गुंडाळून खाचेतून २ फेरे दिले. पूर्ण ओढल्यावर पुली आणखी पाऊण फेरा फिरते. मूठ सरळ बसते.

पण जुन्या दोरीचे दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघितले तर तुटलेलं टोक मुठीच्या गाठीपासून ८ सेंमीवर आहे, आणि तिथली वीण एकाच बाजूने खरवडल्यासारखी.

घाटमाथा
पाऊण मिळाला ना, पुरेसा आहे. गाठी घट्ट बसल्यावर आणखी थोडा फरक पडेल.

एकाच बाजूने खरवडलेली म्हणजे बुश. कव्हरच्या भोकात बोट घालून वरच्या कडेला हात फिरवा, दोरीने पाडलेली चर लागेल. मूठ सरळ बाहेर न ओढता आपल्या छातीकडे, तिरकी ओढली की दोरी त्याच एका कडेवर घासते. ही चर तशीच राहिली तर नवी दोरीही तिथेच तुटेल.

बुश सुटा असेल तर बदला. कव्हरमध्येच ओतलेला प्लास्टिकचा असेल तर चरेच्या कडा गोल कानशीने मोडा आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. बुश फिरवता येत असेल तर अर्धा फेरा फिरवून चर खाली आणा, खालच्या कडेला दोरी घासत नाही.

दोन_स्ट्रोक
आणि ओढताना: चेन ब्रेक लावलेला, यंत्र जमिनीवर, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पुढचा भाग, डाव्या हाताने पुढची मूठ दाबलेली. दोरी आधी हळू ओढा, खटका लागल्याचं हाताला कळतं. तिथून ५०-६० सेंमी जोरात, सरळ वर. शेवटपर्यंत नाही. मूठ हाताने परत सोडायची, टाकून द्यायची नाही. तुमच्या यंत्राला पूर्ण ८६ सेंमी येतात, त्यातले शेवटचे २० सेंमी कधी वापरूच नका.

सुपारीबाग
चर सापडली, नखाएवढी खोल. बुश सुटा आहे, फिरवला. नवा मागवते. मुठीतही आठाची गाठ घातली, आधी साधी होती.

खटपट्या
म्हणजे माझे ४ चुकलेच :)

दोन_स्ट्रोक
अर्धी दोरी बाहेर ठेवून दिले असते तर बरोबर आले असते.